विकसनशील देशांत मोठ्या हॉटेल कंपन्या स्वतः हॉटेलं का बांधत नाहीत, नुसतं नाव का देतात?

कारण इमारतीत भांडवल अडकवण्यापेक्षा नाव, बुकिंगची यंत्रणा आणि व्यवस्थापन पुरवून शुल्क घेणं त्यांना कमी जोखमीचं पडतं. १९९३ मध्ये मॅरियटने मालमत्ता आणि व्यवस्थापन अशा दोन वेगळ्या कंपन्या केल्या, ते याचं ठळक उदाहरण. जमीन, बांधकाम, कर्ज सगळं स्थानिक मालकाचं. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती शुल्काची अट: मूळ शुल्क सहसा एकूण उत्पन्नावर लागतं, नफ्यावर नाही. त्यामुळे हॉटेल तोट्यात गेलं तरी कंपनीला काहीतरी मिळतं आणि कर्जाचे हप्ते मात्र मालकाच्याच डोक्यावर राहतात. अर्थात व्यवस्थापन करारात बहुधा प्रोत्साहन शुल्कही असतं आणि ते नफ्याशी जोडलेलं असतं, म्हणजे कंपनी पूर्ण नामानिराळी राहत नाही.