अठरा मिनिटांचं गाणं ऐकायचं कसं?

तुम्ही विचारलंय, की मित्राच्या आग्रहाखातर 'येस' बँडचं अठरा मिनिटांचं 'क्लोज टू द एज' लावलं, तिसऱ्या मिनिटाला डोकं गरगरलं म्हणून बंद केलं. मग या प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये, म्हणजे लांबलचक, ताल-लय बदलत जाणाऱ्या रॉक संगीतात, लोकांना सापडतं तरी काय?

नेमकं नको तिथे बंद केलंत बघा! पाखरांचा आणि पाण्याचा आवाज संपला की गिटार, बास, ड्रम सगळे एकमेकांवर तुटून पडतात, पण ते पहिली तीनच मिनिटं. मग धून मोकळी होते, लय हळूहळू उतरते आणि बाराव्या मिनिटाच्या आसपास चर्चचा ऑर्गन येतो. बँडचा कीबोर्डवादक रिक वेकमन यानं त्यासाठी लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमधला खराखुरा पाइप ऑर्गन वाजवलाय. आधीचा कल्लोळ सोसलेल्यालाच तो ऑर्गन भिडतो. म्हणून हे गाणं मधूनच ऐकू नका.

तरी सुरुवात यानं नकोच. पिंक फ्लॉइड बँडचं १९७३ चं 'मनी' घ्या. सुरुवातीला नाणी आणि गल्ला खणखणतो तिथपासून बोटांवर मोजा. सात मात्रा. वजनं आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाची नाहीत, पण ज्याला रूपक मोजता येतो त्याला हे अवघड नाही. सॅक्सोफोनही सातातच फिरतो, आणि गिटारचा सोलो आला की गाणं चारात येतं. मोजत असाल तर तिथे बोटं अडखळतील, आणि मजा तिथेच आहे.

मला ही गोडी आधीच लागली होती, नाव माहीत नव्हतं इतकंच. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या मागे, भिंतीपलीकडे चादरींचे माग. शेजारशेजारचे दोन माग कधी एका वेगानं चालत नाहीत. खटके सुटत सुटत लांब जातात आणि अचानक एकदा दोन्ही एकत्र पडतात. रात्री अंथरुणात मी त्या एका खटक्याची वाट बघत जागा राहायचो. पुढे पुण्यात होस्टेलवर किंग क्रिम्सन बँडचा १९८१ चा 'डिसिप्लिन' अल्बम ऐकला. त्यात दोन गिटार वेगवेगळ्या मात्रांची आवर्तनं घेऊन निघतात, सुटतात, पुन्हा गाठ पडते. मी ताडकन उठून बसलो. आमच्या भिंतीपलीकडचाच आवाज तो! ड्रमवर बिल ब्रुफर्ड. 'क्लोज टू द एज' वाजवून १९७२ मध्ये येस सोडली आणि क्रिम्सनमध्ये गेला, तोच.

तेव्हा आठवडाभर 'मनी', मग 'डिसिप्लिन'. जेथ्रो टल बँडचं तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारं एकच गाणं वगैरे नंतर. आणि पुढच्या वेळी सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालात की कुर्डुवाडी सुटल्यावर फोन खिशात टाका, इयरफोन लावा आणि 'क्लोज टू द एज' पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तीच पाखरं, तेच पाणी परत येईल. तोवर कानातून काढू नका.