आधी रद्दीवाल्याकडे जा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रकल्प-अहवाल मिळाला. दोनदा वाचला, एकदा नुसता चष्मा लावून आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. आपल्या नागपूर जिल्ह्यातलं मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव आणि तिकडे भंडाऱ्यातलं चिखला, डोंगरी बुजुर्ग हा मँगनीज खदानींचा अख्खा पट्टा एका माळेत ओवून लोकांना दाखवायचा, ही कल्पना झकास आहे. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत ती कुणाला सुचली नाही, मलाही नाही. पण पहिल्या पानावरचं ते प्रवेशद्वाराचं चित्र बघून मी पान उलटं करून ठेवलं. डंपरचे दोन टायर, मधे हेल्मेट घातलेला सिमेंटचा कामगार आणि खाली लाल बदाम. हा बदाम आता प्रत्येक गावाच्या वेशीवर बसला आहे. आपल्या वेशीवर तो नसला तर चालेल.

गेट सर्वात शेवटी बांध. सर्वात आधी रद्दीवाल्याकडे जा.

हसू नकोस. आमच्या काळी खदानीचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर काढत, म्हणजे खळ चढवलेल्या तलम कापडावर, काळ्या शाईने. गरम पाण्यात भिजवलं की खळ सुटते आणि हातात मलमलीसारखं मऊ कापड येतं. एका खदानीचं जुनं कार्यालय रिकामं केलं तेव्हा (नाव घेत नाही, तिथली माणसं अजून भेटतात) कपाटंच्या कपाटं किलोवर गेली. काही महिन्यांनी मी एका बारशाला गेलो. बाळाच्या अंगातल्या झबल्याच्या कडेला एक पुसट बाण दिसत होता. उत्तर दिशेचा. खदानीतल्या कुठल्या लेव्हलचा, म्हणजे मजल्याचा, नकाशा होता, ते काही ओळखता आलं नाही. मी हातावर साखर-सुंठ घेतली आणि गप्प घरी आलो.

जुना नकाशा ही नुसती शोभेची वस्तू नाही, हे तुला खदानीच्या गावात वाढल्यामुळे कळेल. बंद पडलेली कामं कुठे आहेत आणि कुठे पाणी भरलं आहे, ते तोच सांगतो. झारखंडातल्या चासनाला कोळसा खदानीत 27 डिसेंबर 1975 रोजी वरच्या जुन्या कामातलं पाणी खाली घुसलं आणि 375 माणसं गेली. म्हणून नकाशा, हाजरीची वही, पगारपत्रक, पितळी बिल्ला, जे हाती लागेल ते आधी उचल. काय ठेवायचं आणि काय नाही, ते मागून ठरवू.

इतिहासाचं पान तू एका परिच्छेदात उरकलंस. तिथे दोन गोष्टी वाढव. नागपूर जिल्ह्यात मँगनीज निघायला लागलं ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. 1896 साली स्थापन झालेलं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट हे आताच्या मॉइलचं, म्हणजे मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, मूळ. 1962 मध्ये मॉइल झाली आणि 1977 मध्ये तिचे उरलेले परदेशी शेअरही सरकारने घेतले. हे तू लिहिलं आहेस, बरोबर आहे. पण माल विलायतेला का जात होता, ते लिहिलं नाहीस. पोलाद मँगनीजशिवाय होत नाही. रेल्वेचा रूळ असो की जहाजाचा पत्रा, त्यात थोडं मँगनीज लागतंच. बेलडोंगरीच्या बाईने फोडलेला दगड परदेशातल्या भट्टीत जायचा आणि त्याचा जगाशी असलेला संबंध तिला कुणी सांगायचं नाही. निदान तिच्या पणतीला तरी सांग.

दुसरी गोष्ट दगडाच्या नावाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला फर्मोर हा तरुण अधिकारी इथल्या टेकड्या पायी तुडवत हिंडला आणि 1909 मध्ये त्याचा मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. मँगनीजचा गार्नेट आणि क्वार्ट्‌झ मिळून झालेल्या इथल्या खडकाला त्याने नाव दिलं गोंडाइट, गोंडांवरून. आज ब्राझील किंवा आफ्रिकेतल्या खाणीवर लिहिणारा भूवैज्ञानिकही हा शब्द वापरतो. खडकांच्या ज्या थरात आपलं मँगनीज सापडतं त्याला पुस्तकात मनसर फॉर्मेशन म्हणतात. बेलडोंगरीच्या नावाचं बेलडोंगराइट हे खनिज आहे, पलीकडच्या तिरोडीच्या नावाचं तिरोडाइट आहे. गेल्या वर्षी एका शाळेत मी आठवीच्या वर्गाला विचारलं, गोंडाइट म्हणजे काय? एका पोराने मोबाईलचं मॉडेल सांगितलं. त्या वर्गात निम्मी लेकरं गोंड होती. दोष त्यांचा नाही, आपला आहे. मी त्याच शाळेसमोरून वर्षानुवर्षं मोजणीची दुर्बीण, थिओडोलाइट, खांद्यावर टाकून गेलो, आत कधी गेलो नाही.

म्हणून तुझ्या अहवालात 'शैक्षणिक सहली' हे जे शेवटून दुसऱ्या पानावर आहे ते उचलून पहिल्या पानावर आण. नागपूरहून बसने येणाऱ्या शाळा नंतर. आधी खदानीच्या कुंपणाला लागून असलेल्या शाळा. त्यांना पॉवरपॉइंट दाखवू नकोस. मुठीएवढा मँगनीजचा खडा आणि तेवढाच काळा बेसाल्ट दोन हातांत दे आणि कोणता जड ते विचार. मँगनीज साधारण दीडपट भरतं. मग ताणकाटा आण, पाण्यात बुडवून घनता काढायला लाव. एवढं झालं की सांग, तुझी आजी हेच नुसत्या हाताने ओळखायची. हातोडीने दगड फोडायचा, वजनावरून आणि चकाकीवरून चांगला माल निवडून वेगळा करायचा, दिवसभर. मोठ्या वर्गांना डोंगरी बुजुर्गचा मँगनीज डायऑक्साइड दाखव. टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूड हीच. औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर टाकली की फसफसून प्राणवायू सुटतो. हे मात्र शिक्षकासमोर आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच करायचं.

आता माणसं. तू लिहिलं आहेस, 'ज्येष्ठ कामगारांच्या मुलाखतींचे दस्तावेजीकरण'. हा शब्द ऐकूनच म्हातारा गप्प होईल. 'तुमच्या आठवणी सांगा' असंही म्हणू नकोस. त्यावर तो साहेबांना आवडेल तेच बोलतो, मी स्वतः तसाच बोललो आहे. पहिल्या पाळीला डब्यात काय होतं ते विचार. केज, म्हणजे खदानीतला पाळणा, खाली सुटताना पोटात काय व्हायचं, उधारी कुणाकडे होती, कुणाच्या हाताखाली काम करायला नको वाटायचं, असं विचार. आणि बायकांकडे आधी जा. 1952च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखाली काम करायला मनाई होती, ते दार 2019 मध्ये अटी घालून उघडलं. त्यामुळे जुन्या फोटोंत खाली उतरणारे सगळे पुरुषच दिसतात आणि वर उन्हात टोपल्या वाहणारी, माल निवडणारी रेजा, म्हणजे मजूर बाई, फोटोत येतच नाही. पाळण्यातल्या लेकराला कोण बघायचं, दूध पाजायला सुट्टी मिळायची का, टोपली कमरेवर की डोक्यावर, हे तीच सांगेल. मुकादमाबद्दलही सांगेल, तेव्हा रेकॉर्डर बंद करायला सांगितला तर बंद कर. रेकॉर्डिंगची प्रत तिच्या घरी पोचती कर. अशा मुलाखती घेऊन गेलेले दोन-तीन जण मी पाहिले, परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

तू परदेशातल्या बऱ्याच जागांची यादी दिलीस. सगळ्या गाळ, एक ठेव. वेल्समधली बिग पिट. ही कोळसा खदान 1980 मध्ये बंद पडली आणि 1983 मध्ये लोकांना बघायला खुली झाली. आजूबाजूचा ब्लेनाव्हनचा परिसर 2000 साली जागतिक वारसा यादीत गेला. पाहुणा तिथे खऱ्या केजमधून नव्वद मीटर खाली उतरतो. उतरण्याआधी कंबरेला बॅटरी, डोक्यावर दिवा, आणि मोबाईल, घड्याळ, काडेपेटी वरच काढून ठेवायची. खाली ठिणगीला बंदी, हा नियम खदान चालू होती तेव्हाचाच आहे. म्हणजे सेल्फी पॉइंटचा प्रश्नच मिटला! आणि खाली नेतो तो कोण? खदानीत काम केलेला माणूस. पाठ केलेलं न सांगता तो आपलं सांगतो, चेष्टा करतो, दिवे घालवून अंधार दाखवतो. आपल्याकडे असा माणूस आज पारावर बसून पत्ते खेळतो आहे. त्याला 'मानधन' नावाचे पाचशे रुपये आणि शाल देऊ नकोस. गाइडचा पगार दे, महिन्याच्या महिन्याला.

जवळचा प्रयोग म्हणशील तर सावनेरचा. 2016 मध्ये वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी) आणि पर्यटन महामंडळाने मिळून लोकांना कोळसा खदान दाखवायला सुरुवात केली. तिथे एकदा जाऊन ये, मात्र तिथल्या उद्यानात रेंगाळू नकोस. लोक कुठे थांबतात, कुठे जांभया देतात, तेवढं वहीत टिपून आण.

एक गोष्ट तू अजिबात लिहिली नाहीस, आणि त्यामागे कुणाचा तरी सल्ला असावा असा मला वास येतो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर ती मेंदूला धरते. चेहरा मुखवट्यासारखा होतो, बोलणं अडखळतं, चालीचा तोल जातो. वैद्यकात याला मँगनिझम म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकापासून तो माहीत आहे. गारगोटी असलेल्या खडकात ड्रिल मारणाऱ्याला सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाची भीती वेगळी. हे संग्रहालयाच्या भिंतीवर आलं पाहिजे. ठेकेदारी आली पाहिजे, ढिगाऱ्याखाली गेलेली शेतं आली पाहिजेत. अनुदान देणारा म्हणेल, निगेटिव्ह नको. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर सावाहलुंतो नावाचं कोळशाचं गाव आहे. डच अमदानीत तिथे साखळदंड घातलेल्या कैद्यांकडून कोळसा काढून घेत. ती गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही आणि 2019 मध्ये ते गाव जागतिक वारसा यादीत गेलं. अनुदानवाल्याला एवढं उदाहरण पुरेल. नाही पुरलं तर त्याचे पैसे नकोत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय आहे, शाळांच्या भागासाठी तिकडे अर्ज कर.

पाहुणे येतील का, ही तुझी मोठी काळजी. मला ती नाही. पेंचच्या वाघाला बघायला निघालेल्या गाड्या मनसरवरूनच जातात आणि रामटेकचे भाविक तर बारमाही. शिवाय मनसरच्या हिडिंबा टेकडीवर 1998 पासून झालेल्या उत्खननात वाकाटकांच्या काळातलं वैभव निघालं. पंधराशे वर्षांपूर्वीच्या विटा आणि शंभर वर्षांपूर्वीच्या खदानी एकाच गावात आहेत. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसलेलं कुटुंब दोन तास थांबेल, तेवढ्यासाठी चहा बरा ठेव आणि संडास स्वच्छ ठेव.

पण जुन्या भुयारात एकालाही नेऊ नकोस. एकालाही. आत प्राणवायू किती आहे ते नाकाला कळत नाही आणि छत कधी सुटेल ते छतालाही ठाऊक नसतं. पाणी भरलेल्या खड्ड्याचं निळं तळं फोटोत काश्मीरसारखं दिसतं. त्याचे काठ सरळ तुटलेले असतात, पोहणाऱ्याला बाहेर यायला जागा नसते. तिथे 'बोटिंग' लिहिलं आहेस ते मी लाल पेनने खोडलं आहे. चालू खदानीत व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय पाऊल नाही. आणि ही परवानगी फोनवर मिळाली असं समजू नकोस, कागदावर घे.

माझ्या माळ्यावर पत्र्याच्या सात नळ्या आहेत. त्यात काय आहे ते तुझ्या काकूलाही माहीत नाही, तिला वाटतं एलआयसीचे कागद. गेल्या महिन्यात एका नळीच्या टोकाशी वाळवी दिसली. पावसाळ्याच्या आत एखाद्या रविवारी ये. कडुनिंबाचा वाळलेला पाला, सुती कापड आणि मोबाईलपेक्षा बरा कॅमेरा आण. झबलं शिवायच्या लायकीचं कापड त्यात भरपूर आहे.

तुझा,
नकाशेवाले काका