वाचक विचारतात : गेम कंपनीतलं तांत्रिक लेखन

प्रश्न : मी बँकिंग सॉफ्टवेअरची युजर गाइड लिहिते. गेम कंपनीत जायचं तर कथा-संवाद लिहिता यायला हवेत का? आणि नमुने म्हणून काय दाखवू? सध्याचं काम गोपनीय आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कथा-संवाद हे नॅरेटिव्ह रायटरचं काम. तुमचा वाचक बहुतेक वेळा गेम खेळणारा नसून बनवणारा असेल. त्याच्यासाठी इंजिनचं (गेम ज्यावर बांधला जातो त्या सॉफ्टवेअरचं) मॅन्युअल, एपीआय रेफरन्स (प्रोग्रामरने वापरायच्या फंक्शन्सची संदर्भयादी), रिलीज नोट्स आणि कंपनीच्या आतल्या टूल्सची माहिती लिहायची. गोपनीयता इथेही सुटणार नाही. कन्सोलच्या डेव्हलपमेंट किटची कागदपत्रं करारानेच बांधलेली असतात. म्हणून नमुने खुल्या प्रकल्पातले हवेत.

गोडो हे ओपन सोर्स इंजिन त्यासाठी उत्तम. त्याचं मॅन्युअल गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर आहे आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहिलं जातं. नवखे एका ठिकाणी हमखास चुकतात : क्लास रेफरन्सची (इंजिनच्या प्रत्येक घटकाची माहिती देणारी) पानं मॅन्युअलच्या रिपॉझिटरीत, म्हणजे फायलींच्या साठ्यात, दिसली की तिथेच दुरुस्त करतात. ती पानं आपोआप तयार होतात, त्यामुळे दुरुस्ती वाया जाते. मूळ मजकूर इंजिनच्या रिपॉझिटरीतल्या एक्सएमएल फायलींत असतो. तिथे हात घाला.

स्वतंत्र नमुन्यासाठी छोटा विषय घ्या. 2023 साली आलेल्या गोडोच्या 4.0 आवृत्तीत कोडने पात्र हलवण्यासाठीच्या 'कायनेमॅटिकबॉडी2डी'चं 'कॅरेक्टरबॉडी2डी' झालं. पात्र सरकवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड' फंक्शनला पूर्वी वेग कंसात द्यावा लागे; आता तो 'व्हेलॉसिटी' प्रॉपर्टीत ठेवायचा आणि कंस रिकामे सोडायचे. जुनी ट्युटोरियल्स इथेच अडतात. दुसरी चूक अशी : वेगाला डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणणं. हे फंक्शन वेळेचा हिशेब स्वतःच करतं, त्यामुळे सेकंदाला 60 फिजिक्स फ्रेम असताना सेकंदाला 300 पिक्सेल वेगाचं पात्र सेकंदाला जेमतेम 5 पिक्सेलने सरकतं. एररही येत नाही, म्हणून माणूस तासभर शोधत बसतो. गुरुत्वाकर्षण वेगात मिळवताना मात्र डेल्टा लागतो, कारण ते त्वरण आहे. हा फरक एका पानात नीट मांडलात, तर मुलाखत घेणाऱ्याला तुमची समज कळेल. प्रमाणपत्रांच्या कोर्सवर पैसे घालण्याआधी हे करा. पान झालं की कोरा प्रोजेक्ट उघडून फक्त लिहिलेल्याच पायऱ्या करून पाहा.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये स्क्रीनशॉट किती असावेत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कमीत कमी. आवृत्ती बदलली की मेनू हलतो आणि चित्र खोटं ठरतं. संपूर्ण विंडोऐवजी लागेल तेवढंच पॅनेल कापून घ्या. सेटिंगचे आकडे मजकुरातच लिहा. चित्रातला आकडा सर्चमध्ये सापडत नाही, कॉपीही करता येत नाही.