दवाखान्यातले चार दिवस आणि गोळीची वेळ

"ह्यांना चालत नेलं अन् उचलून घरी आणलं. आता ॲडमिट करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो," सोलापुरातील एका निवृत्त यंत्रमाग कामगाराच्या पत्नी मला सांगत होत्या. काकांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन नऊ वर्षे झाली होती. लघवीच्या संसर्गासाठी त्यांना चार दिवस दाखल केले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांचे हातपाय ताठरले, घास गिळवेना आणि रात्री भिंतीवर माणसे दिसू लागली. आजार एकाएकी वाढला की दाखल करण्यातच आपली चूक झाली, हा प्रश्न काकूंना झोपू देत नव्हता.

काकूंनी पिशवीतून कॅलेंडरचे एक पान काढले. त्यावर लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीच्या, पाच वेळा पेन्सिलीने लिहिल्या होत्या: 6, 9:30, 1, 4:30, 8. दवाखान्याच्या कागदावर मात्र त्याच गोळीपुढे 1-1-1, म्हणजे सकाळ-दुपार-रात्र एकेक, असे होते.

जुन्या रुग्णात या गोळीचा परिणाम काही तासांतच ओसरतो, त्यामुळे वेळ टळली की शरीर आखडते आणि गिळणेही अवघड होते. संसर्गानेही ताठरपणा आणि भ्रम वाढतात, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले, कारण सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकणे मला योग्य वाटले नाही. तरीही कागदावर उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड दिसले, तेव्हा मला फार वाईट वाटले. हे औषध, आणि भ्रमासाठी कधी कधी दिले जाणारे हॅलोपेरिडॉलही, मेंदूतील डोपामिनची, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाची, वाट अडवते, आणि पार्किन्सन्समध्ये तुटवडा असतो तो डोपामिनचाच. काकू, तुम्ही दाखल केलेत म्हणूनच संसर्ग आटोक्यात आला, हे मी त्यांना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या रडल्या.

मग त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून आम्ही एक कार्ड केले. त्यावर गोळ्यांच्या घड्याळी वेळा, टाळायची औषधे आणि एक ठळक ओळ होती: गिळता येत नसेल, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच कळवावे. लेव्होडोपा अचानक थांबल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते.

दीड महिन्याने काकांना न्यूमोनिया झाला. या वेळी काकूंनी दिरंगाई केली नाही. दाखल करतानाच त्यांनी कार्ड सिस्टरांच्या हाती दिले आणि दुसरी प्रत खाटेच्या उशाशी चिकटवली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा जेवणाचे ताट झाकून बाजूला ठेवलेले होते आणि सिस्टर पाण्याचा पेला काकांच्या ओठांशी धरून म्हणत होत्या, "काका, एक वाजला. आधी गोळी."