जॅझ ट्रायोचा अल्बम घरच्या खोलीत रेकॉर्ड करतोय, डबल बास कधी घुमतो तर कधी गायब होतो. काय करावं?

खोली 14 बाय 11 फुटांची, बासवालाच म्होरक्या, सोबत डिजिटल पियानो आणि ड्रम्स, आणि नाशिकमध्ये गणपतीआधी काम उरकायचंय, असं तुम्ही लिहिलंय. नवा माईक घेण्याआधी बासची जागा बदला.

14 फुटी खोली साधारण 40 हर्ट्झला घुमते आणि बासची सगळ्यात जाड मोकळी तार, ई, 41 हर्ट्झची. भिंतीलगत ती एकटीच ढम्म करते, खोलीच्या मधोमध तीच हरवते. आखूड भिंतीपासून साडेचार-पाच फुटांवर उभं राहून बघा. भिंतीवरचा दोन इंची फोम या खर्जाला काही करत नाही, तो शोभेला.

माईक घोडीसमोर (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) 20 ते 30 सेंमीवर, जरा वरून. थेट एफ-होलवर (बासच्या पुढच्या फळीतलं एफ आकाराचं भोक) रोखलात की नुसता घुमारा येतो. फिगर-एट माईक (पुढून-मागून ऐकणारा, बाजूंनी बहिरा) मिळाला तर उत्तमच, त्याची बहिरी बाजू ड्रम्सकडे करा. पिकअप (बासवर बसवलेला, कंपनं टिपणारा सेन्सर) वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पण तो पिएझो जातीचा असेल तर थेट लाइन इनपुटला जोडू नका. किमान 1 मेगाओम रोधाचं (इम्पीडन्स) इनपुट नसेल तर खर्ज गळतो आणि कर्कश खरखर उरते. मिक्समध्ये पिकअपचा ट्रॅक सुमारे 1 मिलिसेकंद उशिरा सुरू होईल असा सरकवा, कारण माईकपर्यंतचे 30 सेंमी कापायला आवाजाला जवळपास तेवढा वेळ लागतो. तरीही दोन्ही एकत्र वाजवल्यावर खालचा आवाज गेलाच, तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा.

ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश द्या, बास ड्रम 18 इंची आणि जरा चढा लावलेला. पियानोवाल्याचा डावा हात मात्र आवरा! बास म्होरक्या असलेल्या ट्रायोत खालच्या सुरांचा सगळ्यात जास्त चिखल तिथेच होतो, आणि तो मिक्समध्ये निघत नाही.

आता नाशिकची अडचण: संध्याकाळी ढोलपथकांचा सराव. ढोलाचा खर्ज भिंतीतून आत येतो आणि 80 हर्ट्झखालचं फिल्टरने कापलंत तर बासचा सगळा खालचा सप्तकही जातो. म्हणून टेक सकाळीच घ्या. पावसाळी हवेत लाकूड फुगून तारा उंच होतात. बास आदल्या रात्रीच खोलीत आणून ठेवा, सकाळी घोडीची उंची बघा, मगच सूर लावा.

शेवटी मिक्स मोबाइलवर ऐका. त्याच्या स्पीकरला 41 हर्ट्झ झेपत नाही, बास कळतो तो बोटांच्या आवाजावर. तिथे दिसत नसेल तर खर्ज वाढवू नका, 700 ते 1000 हर्ट्झ दोनेक डेसिबल वर घ्या.