उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहायला येताय? आधी हे वाचा

तुम्ही दोघं ऑक्टोबरात येताय, तर महागड्या जाकिटाआधी आतल्या कपड्यांवर पैसे घाला. अंगालगत लोकरच हवी. सुती बनियन घामाने भिजलं की वाळत नाही, आणि चालायचं थांबलात की हुडहुडी भरते. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इथली थंडी अक्षांशाच्या मानाने बरीच सौम्य आहे. खरा त्रास निसरड्या रस्त्यांचा. बर्फावर पाऊस पडतो, तो गोठतो, आणि फुटपाथचा आरसा होतो. बुटांना चढवायचे खिळे पहिल्याच आठवड्यात घ्या, दोघांसाठी.

नोव्हेंबरअखेर सूर्य जातो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. दुपारी निळसर उजेड असतो, तेवढ्यात बाहेर पडाच. नाहीतर भांडी कोणी घासायची यावरूनही भांडणं होतात! स्कीइंग दिव्यांच्या सपाट वाटांवर शिका.

डोंगराची मात्र घाई नको. ३० अंशांहून तीव्र उतारावरून हिमकडा सुटू शकतो, आणि खालून चालणाराही त्यात सापडतो. ‘वार्सोम’ या नॉर्वेच्या सरकारी इशारा-संकेतस्थळावर हिमकड्यांच्या धोक्याची पातळी १ ते ५ अशी देतात. ३ किंवा त्याहून वर असली तर नवख्यांनी अशा उतारांच्या आसपासही फिरकू नये, असं माझं ठाम मत.

शहरालगतच्या डोंगरावर नेपाळी शेर्पांनी बांधलेल्या बाराशे पायऱ्या उन्हाळ्यासाठी ठेवा. तेव्हा मध्यरात्रीही ऊन असतं. तंबू मोकळ्या रानात कुठेही ठोका, फक्त कुणाच्याही घरापासून १५० मीटर लांब.