वरच्या मालकाने व्हाळाचा पाट बुजवला तर खालच्या वाडीने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात तुमची पोफळी-माडांची वाडी, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, ती काका बघतात आणि तुम्ही मुंबईत असता. पाऊस सरला की व्हाळाला (ओढ्याला) वरच्या अंगाला बांध घालून पाटाने पाणी वाडीत आणायचं, ही रीत आजोबांच्या वेळेपासून चालत आली. वरची जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने नोव्हेंबरात पाट बुजवला. त्याचं म्हणणं, पाणी माझ्या जमिनीतून येतं म्हणजे माझं, आधीच्या मालकाने तुम्हाला मेहेरबानी म्हणून दिलं. तलाठी म्हणतात, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरी केली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. असे दावे जवळून पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तारखेचं बघा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा जुना कायदा आजही चालू आहे आणि त्याचे अधिकार तहसीलदार वापरतात. शेतीसाठी विहीर, तळं, कालवा किंवा पाट यांचं पाणी तुम्ही वापरत होतात आणि कायद्याची वाट सोडून कोणी ते तोडलं, तर तो वापर पूर्ववत करून देण्याचा अधिकार कलम ५ मध्ये आहे. पाट नैसर्गिक असो की माणसाने खणलेला, दोन्ही त्यात येतात. पुन्हा अडथळा करू नये म्हणून मनाई हुकूमही देता येतो. म्हणजे तलाठ्यांनी सांगितलं ते अर्धंच खरं आहे. मात्र हा दावा पाणी तोडल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. तुमचे सहा महिने मे महिन्यात संपतात.

हे मी वरच लिहिलं, कारण आपल्याकडे नेमकं इथेच फसतं. डिसेंबर-जानेवारीत गावकीत बैठका होतात, शिमग्याला चाकरमानी आले की परत बोलू म्हणतात, मे महिन्यात सगळे आंब्यात गुंततात. जूनमध्ये पाऊस पडला की पाण्याचा वाद कोणाच्या लक्षातही राहत नाही. दिवाळीनंतर पाट परत कोरडा दिसतो तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. तंटामुक्त समितीत जरूर बसा, पण दावा लावून ठेवून बसा.

आणि नुसता 'अर्ज' देऊ नका. 'पाणी मिळणेबाबत' असा विषय लिहून दिलेला कागद आवक नोंदीत जातो, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे अहवालासाठी जातो आणि तिकडेच राहतो. कागदावर अधिनियमाचं नाव आणि कलम ५ लिहा, वादी-प्रतिवादींची नावं, वय, धंदा, पत्ता लिहा, पाट कुठे आणि कसा बुजवला ते गट नंबरासह लिहा, दाव्याचं कारण घडल्याची, म्हणजे पाट बुजवल्याची तारीख लिहा, साक्षीदारांची आणि कागदांची यादी जोडा आणि खाली सत्यापन करून, म्हणजे मजकूर खरा असल्याचं लिहून सही करा. मग तो दावा होतो, त्याला नंबर पडतो, समोरच्याला समन्स जातं. वकील दिलात तर उत्तमच.

आता 'पाणी माझं' या म्हणण्याबद्दल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि वाहतं पाणी शासनाचं असतं. एखाद्याचा हक्क सिद्ध असेल तेवढाच अपवाद. व्हाळ कोणाच्या सात-बाऱ्यातून गेला म्हणून त्या सात-बाऱ्याचा होत नाही. काठच्या प्रत्येकाला त्यातलं पाणी प्यायला, गुरांना आणि काठच्या शेताला वापरता येतं, पण खालच्याचं नुकसान न करता. ही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ ची भूमिका आहे (सुविधाधिकार म्हणजे आपल्या जमिनीसाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला वापराचा हक्क). त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, ती मी लपवणार नाही: ठरावीक प्रवाह नसलेलं, जमिनीत झिरपणारं पाणी मालक आपल्या हद्दीत अडवू शकतो. म्हणून तुमचं पाणी वाहत्या व्हाळाचं आहे की नव्या मालकाच्या जागेतल्या झऱ्याचं, हे नकाशावर आधी बघून घ्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. व्हाळ त्यात असेल तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम झाली.

'मेहेरबानी' हा शब्द त्या माणसाने सहज वापरला नसणार, कोणीतरी शिकवलेला दिसतो. वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर झाला तर सुविधाधिकार मिळतो. परवानगी मागून वापर झाला तर कितीही वर्षं झाली तरी मिळत नाही. म्हणून काकांना सांगा, 'कृपा करून पाणी सोडावे, उपकार होतील' अशी चिठ्ठी किंवा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवायचा नाही. कोकणातली माणसं सौजन्याने असं लिहितात आणि तोच कागद पुढे त्यांच्याविरुद्ध दाखल होतो. लिहायचंच तर 'वहिवाटीचा पाट मोकळा करावा' एवढंच लिहा. जमीन विकली गेल्याने काही फरक पडत नाही. तिच्यावरचा पाटाचा हक्क नव्या मालकालाही बांधतो, त्याच्या खरेदीखतात उल्लेख नसला तरी.

पुरावा काय द्यायचा? तुमच्या हाती आहे तेवढा फार कमी लोकांकडे असतो. तुम्ही लिहिलंय की वाडीत विहीर नाही आणि पंपाचं वीज कनेक्शनही नाही. मग पोफळी जगल्या कशावर? आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या कातळावरून वाहून जातो आणि शिंपण्याशिवाय पोफळ उन्हाळा काढत नाही. वीस-पंचवीस वर्षांची पोफळ उभी आहे म्हणजे तितके उन्हाळे तिला पाणी मिळालं. स्थळपाहणीला तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी येतील तेव्हा त्यांना पाटाच्या तोंडापासून चालत न्या. पोफळींची रांग पाटाच्या वळणाने वळलेली दाखवा, गडग्यात (दगडी कुंपणात) पाटासाठी ठेवलेली मोरी दाखवा, तिच्या चिऱ्यावर पाण्याच्या पातळीला काळी रेघ असते ती दाखवा. या गोष्टी पंचनाम्यात लिहून घ्यायला लावा, कारण पाहणीला आलेला अधिकारी निकालाच्या वेळी बदललेला असू शकतो.

कागदांत सगळ्यात मोलाचा म्हणजे जुना हस्तलिखित सात-बारा. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून वीस-पंचवीस वर्षांच्या नकला काढा. गाव नमुना बारामध्ये पिकाबरोबर जलसिंचनाचं साधन लिहायचा रकाना असतो. तिथे पाट किंवा नाला अशी नोंद निघाली तर अर्धं काम झालं. यंदाची ई-पीक पाहणी करतानाही साधन नीट भरा. पाण्याच्या पाळीत आणखी कोणी भागीदार असतील तर त्यांनाही दाव्यात घ्या. एका वाडीचा दावा आणि चार वाड्यांचा दावा यात बराच फरक पडतो.

तुमची मनातली भीती, की आपण मुंबईला राहिलो म्हणून हक्क बुडाला का? नाही. ताब्यातल्या माणसाने जमिनीसाठी केलेला वापर मालकाच्याच खाती जमा होतो, आणि काका शिंपत होते. वीस वर्षं सलग कोणीच वापर केला नाही तर मात्र हक्क संपतो. घरं बंद पडून रान माजलेल्या कितीतरी वाड्यांचे पाट असेच गेलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

तहसीलदार मालकी ठरवत नाहीत, तुटलेला वापर जोडून देतात. प्रकरण गुंतागुंतीचं वाटलं तर ते दिवाणी न्यायालयाकडे जा म्हणू शकतात. निकाल विरुद्ध गेला तर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे निकाल तपासून घेण्याचा अर्ज आहे. दिवाणीत जायची वेळ आली तर वीस वर्षांचा वापर दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत चालू असायला लागतो, तेव्हा तिथेही रेंगाळू नका. तोवर पाट स्वतः उकरायला जाऊ नका. फौजदारी तक्रार झाली की मूळ विषय बाजूला पडतो.

समोरचा माणूस नुसता अडेल नसेल, त्याला उघडा पाट घराच्या अंगणातून नको असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ ची वाट चांगली आहे. हक्काच्या पाण्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप न्यायची परवानगी तहसीलदार देऊ शकतात. जमिनीखालचा पाइप किमान अर्धा मीटर खोल, उघडा पाट जास्तीत जास्त दीड मीटर रुंद, आणि शेजाऱ्याला नुकसानभरपाई व भाडं. माझ्या अनुभवात पुरलेल्या पाइपाला बहुतेक लोक कबूल होतात.

तडजोड झालीच तर नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून थांबू नका. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवा, सोबत पाटाचा किंवा पाइपाचा मोजणी नकाशा जोडा आणि दोन्ही सात-बाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद घेण्यासाठी तलाठ्यांकडे अर्ज द्या. ती जमीन परत विकली जाऊ शकते, आणि पुढचा घेणारा आधी सात-बाराच बघतो.

पाट बुजवल्याची नेमकी तारीख आणि गट नंबर इथे कळवलेत तर दाव्याचा मसुदा कसा मांडायचा ते लिहून देईन.